नैवाशात पायी फिरायचंय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात केनियातल्या नैवाशा सरोवरावर एक छोटं टिपण लिहिलं होतं, त्यात सहज एक वाक्य टाकलं की तिथल्या क्रेसंट आयलंडवर जिराफ आणि झेब्र्यांच्या मधून आपण चक्क पायी फिरू शकतो, जीप नाही, जाळी नाही, काही नाही. झालं! त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आले की हे अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. सगळेच घेता येणार नाहीत, सारखे सारखे होते ते एकत्र केलेत, आणि कुणाचं नाव टाकत नाही म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल.

ताई, आम्ही दोघं साठीच्या पुढचे. आमचा टूरवाला म्हणतो आफ्रिकेत गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही, तुम्ही म्हणता चाला. खरं कोणाचं मानायचं?

दोघांचंही. टूरवाला मसाई मारा या केनियातल्या सिंहांच्या अभयारण्याबद्दल बोलतोय आणि तिथं त्याचं शंभर टक्के बरोबर आहे, ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर तिथं गाडीतून उतरायचं नसतं, गवतात सिंह कुठं पडलाय ते तुम्हाला दिसणार नाही पण त्याला तुम्ही दिसाल. नैवाशाचं गणित वेगळं आहे. क्रेसंट आयलंड म्हणजे पाण्यात बुडालेल्या एका जुन्या ज्वालामुखीच्या तोंडाचा वर राहिलेला काठ, म्हणून तो चंद्रकोरीसारखा दिसतो आणि सरोवराचं सगळ्यात खोल पाणी त्याच कोरीच्या पोटात आहे. तिथं सिंह वगैरे मोठे शिकारी मुक्कामाला नसतात. त्यामुळे झेब्रे, विल्डबीस्ट, इंपाला आणि वॉटरबक ही हरणं, जिराफ सगळे निवांत चरत असतात आणि माणसाला बघून सैरावैरा पळत नाहीत. मान वर करतात, तुमचा अंदाज घेतात, परत खाली घालतात.

पण निवांत म्हणजे पाळलेले नव्हेत हो! जिराफाची लाथ सिंहालासुद्धा महागात पडते, आणि सोबत पिल्लू असेल तर आई फार विचार करत बसत नाही. पंचवीस-तीस पावलं लांब राहायचं, सरळ त्याच्या अंगावर चालत जायचं नाही, तिरकं तिरकं जायचं, आणि त्यानं चरायचं थांबवून तुमच्याकडे टक लावली की तुम्हीही थांबायचं. मी तर म्हणेन खाली बसा थोडा वेळ. सेल्फीवाली मंडळी पुढं पुढं जातात आणि कळप निघून जातो, बसलेल्या माणसाच्या जवळ मात्र झेब्रे आपणहून सरकत येतात, हे मी स्वतः बघितलंय. साठीच्या पुढच्यांना तर हे जास्त जमेल, तुम्हाला बसायचा कंटाळा नाही आणि घाई पण नाही.

चढ फारसा नाही. मात्र नैवाशा समुद्रसपाटीपासून जवळजवळ १९०० मीटर उंचीवर आहे, तेव्हा पहिल्या दिवशी थोडी धाप लागली तर घाबरू नका, हळू चाला. तिकडचे लोक म्हणतातच, पोले पोले. म्हणजे सावकाश.

मग तिथं धोका कशाचाच नाही का?

आहे ना, पाणघोड्याचा, आणि यावर मी जरा लांब बोलणार आहे कारण लोकांना तो गुबगुबीत आणि आळशी वाटतो. दिवसभर तो पाण्यात डोळे आणि कान तेवढे वर ठेवून पडलेला असतो, अंधार पडला की काठावर येऊन रात्रभर गवत खातो, एका रात्रीत साधारण चाळीस किलो, आणि पहाटे परत पाण्यात. म्हणजे ज्या हिरवळीवर तुम्ही दुपारी चहा पिता ती रात्री त्याची असते. जमिनीवर तो ताशी तीसेक किलोमीटरनं पळू शकतो, तुम्ही आम्ही नाही पळू शकत. आणि तो चिडतो केव्हा, तर तो आणि पाणी यांच्या मधे कोणी आलं की. पाणी हे त्याचं घर, आणि घराच्या दारात अनोळखी माणूस उभा दिसला की तो बाजूनं वळसा घालून जात नाही, तुमच्या अंगावरूनच जातो. २०१८ साली याच सरोवराच्या काठावर फोटो काढताना पाणघोड्याच्या हल्ल्यात एका तैवानी पर्यटकाचा जीव गेला.

ओळखायचं कसं? त्याची वाट शोधा. पाणघोड्याचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणून त्याच्या रोजच्या वाटेवर दोन समांतर चाकोऱ्या पडतात आणि मधे गवताचा उंचवटा राहतो, अगदी बैलगाडीच्या वाटेसारखं. शिवाय शेण टाकताना तो शेपटीनं ते इकडंतिकडं उडवतो, त्यामुळे झुडपांवर शिंतोडे दिसतात. पपायरसच्या लव्हाळ्यातून अशी दुहेरी चाकोरी पाण्याकडं जाताना दिसली की तिथं रेंगाळायचं नाही, फोटो नाही, काही नाही, ओलांडायचीच असेल तर गाईडला विचारून झटकन. पहाटे आणि संध्याकाळी काठाजवळ जायचंच नाही.

माझीच फजिती सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा काठावरच्या एका हॉटेलात उतरले होते, तिथं रात्री खोलीतून जेवायला जाताना सोबत अस्कारी, म्हणजे पहारेकरी, घ्यायचा असा नियम होता. मला वाटलं हे उगाच पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून करतात. जेवून एकटीच निघाले, चंद्र छान पडला होता, आणि डाव्या हाताला कोणीतरी गवत उपटल्यासारखा चर्र चर्र आवाज. मी मूर्खासारखी मोबाइलचा टॉर्च लावला. पंधरा पावलांवर एक भलीमोठी पाठ! मागून अस्कारीनं माझं दप्तर धरून मला अक्षरशः मागं ओढलं आणि स्वाहिलीत जे काय बोलला त्यातला ‘किबोको’ एवढाच शब्द कळला. किबोको म्हणजे पाणघोडा. दुसऱ्या दिवसापासून मी शहाण्या मुलीसारखी रोज रात्री अस्कारीची वाट बघत दारात उभी.

बेटावर जायचं कसं आणि तिकीट कुठं काढायचं?

बोटीनं. पूर्वी गाडीनंही जाता यायचं, पण २०१९-२०२० पासून रिफ्ट व्हॅली या लांबलचक खचदरीतल्या सरोवरांचं पाणी खूप चढलं, नैवाशाच्या काठची शेतं, वस्त्या पाण्याखाली गेल्या, बेटाचा सखल भागही गेला. काठावर पाण्यात उभी वाळलेली झाडं दिसतील ती त्याचीच. बेट खासगी आहे, त्याची फी वेगळी आणि बोटीचे पैसे वेगळे, तेव्हा बोटीत बसायच्या आधी स्पष्ट विचारा की सांगितलेल्या रकमेत नक्की काय काय आलं, किती तास आलं, परत आणायला तोच येणार का. लाइफ जॅकेट नसेल तर दुसरी बोट बघा, भीड ठेवू नका.

नॅशनल पार्कचं मात्र वेगळं. हेल्स गेट, लाँगोनॉट ही केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसची पार्क आहेत, तिथं गेटवर रोख घेत नाहीत, सरकारच्या ई-सिटिझन पोर्टलवरून कार्डानं किंवा एम-पेसानं, म्हणजे तिकडच्या मोबाइलवरच्या पैशांनी, भरावं लागतं. परदेशी लोकांचे दर डॉलरमध्ये असतात आणि बदलत राहतात, म्हणून मी इथं आकडा देत नाही, निघायच्या आदल्या आठवड्यात बघा. सायकलचं भाडं, बोटवाला, गाईडची बक्षिशी यासाठी थोडे शिलिंग सुट्टे ठेवा.

फ्लेमिंगो दिसतील ना? आम्ही खास त्यासाठीच चाललोय.

मग तुम्ही चुकीच्या सरोवराला चाललाय! रागावू नका पण हे आधी कळलेलं बरं. ते गुलाबी थवे ज्या सरोवरांवर असतात ती खारट-सोडायुक्त पाण्याची, त्या पाण्यात स्पिरुलिना नावाचं शेवाळासारखं काहीतरी वाढतं आणि लहान फ्लेमिंगो तेच खातो, त्याचा गुलाबी रंगही तिथूनच येतो. नैवाशाचं पाणी गोडं. गंमत अशी की त्याला डोळ्यांना दिसेल अशी बाहेर जाणारी एकही नदी नाही, मालेवा आणि गिलगिल नद्या पाणी आणतात आणि तरी ते खारट होत नाही, कारण पाणी जमिनीखालून पाझरून निघून जातं आणि क्षार सोबत घेऊन जातं. फ्लेमिंगोसाठी बोगोरिया किंवा एलमेंटाइटा ठेवा.

नैवाशाला साडेतीनशेच्या वर जातींचे पक्षी आहेत, एका जातीपायी बाकीच्यांना नाही म्हणू नका. पेलिकन, पाणकावळे, काळापांढरा खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला, मॅलॅकाइट किंगफिशर म्हणजे बोटाएवढा निळा जीव लव्हाळ्याच्या काडीवर, आणि मत्स्यगरुड. पांढरं डोकं, तांबूस पोट, आणि ओरडताना मान पार मागं टाकतो. तो आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

याच्यावरून एक गोष्ट सांगायचीच आहे. बोटवाले माशाच्या पोटात पपायरसचा तुकडा खुपसतात म्हणजे मासा तरंगतो, मग शीळ घालून तो पाण्यावर फेकतात आणि गरुड झेप घेऊन उचलतो, तुम्हाला फोटो मिळतो, बोटवाल्याला टिप मिळते. मला हे आवडत नाही. फोटो भारी येतो हे कबूल, पण त्यापेक्षा अर्धा तास बोट बंद करून झाडाखाली थांबा, गरुड स्वतःच्या भुकेनं खाली येईल तेव्हाची झेप बघा. हुकते पुष्कळदा. हुकलेलीच जास्त बघण्यासारखी असते.

माझ्याकडे २०० एमएमची लेन्स आहे, पुरेल का? ड्रोन आणू का? (कॉलेजात आहे, पहिलीच ट्रिप)

पुरेल रे, पायी असतोस तेव्हा तर जास्तच पुरते. पाण्यावरच्या पक्ष्यांसाठी कमी पडेल, तिथं दुर्बीण वापर आणि फोटोचा हट्ट सोड. ड्रोन अजिबात नको, परवानगीशिवाय आणलास तर विमानतळावरच जप्त होईल. दुर्बिणीला पर्याय नाही एवढं लिहून ठेव. आणि आधी दोन हरणं वेगळी ओळखायला शीक म्हणजे गाईड खूश होईल. थॉमसन्स गॅझेल लहान, कुशीवर ठळक काळा पट्टा, शेपूट सतत हलत असते. ग्रँट्स मोठं, आणि त्याच्या पार्श्वभागाचा पांढरा रंग शेपटीच्या वरपर्यंत चढलेला असतो. दोन्ही एकाच कळपात चरताना दिसली की मागून बघायचं. हसू नकोस, सगळे मागूनच बघतात.

नऊ वर्षांची मुलगी आहे. नैवाशा चालेल की सरळ मारालाच जाऊ?

माझं मत विचाराल तर मुलांना नैवाशाच जास्त आवडतं. गाडीत पाच तास बसून लांबून सिंहाची झोप बघायची, की स्वतःच्या पायानं चालत झेब्र्याचे खूर आणि वॉटरबकचे खूर मातीत वेगळे ओळखायचे? पण अट एक, मुलगी दोन तास आरडाओरडा न करता चालू शकली पाहिजे आणि ‘थांब’ म्हटल्यावर जागच्या जागी थांबली पाहिजे. ते जमत नसेल तर बोटीवर समाधान माना. काठावरच्या एल्सामेअरला नक्की न्या, ‘एल्सा’ सिंहिणीला वाढवणाऱ्या जॉय आणि जॉर्ज अॅडमसन यांचं ते घर, बागेत काळी-पांढरी झुपकेदार कोलोबस माकडं असतात, मुलांसाठी त्यातच सगळं आलं. सरोवरात पोहणं नाही, पाय बुडवणं पण नाही. कारण वर सांगितलंय.

हेल्स गेटला सायकलवर फिरता येतं हे खरं का? आणि दरीत उतरू देतात का?

खरं आहे, आणि माझ्या लेखी अख्ख्या नैवाशातली ही सगळ्यात भारी सकाळ. सरोवराच्या दक्षिणेला अगदी जवळ आहे, ६८ चौरस किलोमीटरचं पार्क, १९८४ साली झालेलं. एल्सा गेटमधून शिरलात की थोड्याच अंतरावर फिशर्स टॉवर, २५ मीटरचा एकटा उभा सुळका, १८८३ साली इथं आलेल्या गुस्टाव फिशर नावाच्या जर्मन माणसाचं नाव त्याला दिलंय. मसाई लोकांची गोष्ट वेगळी आहे, ते म्हणतात लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीनं मागं वळून बघितलं आणि ती दगड झाली. मला ती गोष्ट जास्त पटते. सुळक्याच्या फटीत सशाएवढे गोल गोल रॉक हायरॅक्स ऊन खात बसलेले असतात, आणि त्यांचं जवळचं नातं हत्तीशी आहे! पुढं दोन्ही बाजूंना लाल कडे, त्यांच्यावर गिधाडं, आणि मधल्या सपाटीवर धुळीचा रस्ता, त्यावरून तुम्ही सायकल मारताय आणि बाजूला झेब्रे आणि वॉर्टहॉग, म्हणजे सुळेवाली रानडुकरं. वॉर्टहॉग पळताना शेपटी अँटेनासारखी ताठ वर करतो. वाटेत राखाडी पानांचं लेलेश्वाचं झुडूप खूप आहे, पान चुरगाळून बघा, कापराचा वास येतो.

सायकल गेटवर भाड्यानं मिळते. पैसे द्यायच्या आधी ब्रेक दाबा, चेन बघा, सीट हलते का बघा, मी बघितलं नव्हतं आणि परतीचे सात किलोमीटर हातात धरून चालत आले, उन्हात. निघायचं सकाळी गेट उघडल्या उघडल्या. इथं सिंह सहसा दिसत नसले तरी रानम्हशी आहेत, आणि कळपापेक्षा एकटा म्हातारा रेडा वाईट. तो रस्त्याजवळ दिसला तर घंटी वाजवत पुढं जायचं शौर्य करू नका, थांबा, मागून एखादी गाडी येईलच, तिच्या आडोशानं निघा. बिबट्याही आहे पण तो तुम्हाला दिसणार नाही, दिसला तर मला कळवा.

आता दरी. ओल न्जोरोवाची ती अरुंद घळ सुंदर आहे, पाण्यानं कापलेल्या गुळगुळीत भिंती, कुठं कुठं गरम पाण्याचे झरे. पण लांब डोंगरात पाऊस पडला तर इथं कोरड्या आभाळाखाली लोंढा येतो, २०१२ ला आणि २०१९ ला दोन्ही वेळा लोक त्यात वाहून गेले, त्यानंतर घळ बंदही केली होती. तेव्हा गेटवर रेंजरला विचारायचं, तो नाही म्हणाला तर नाही. बाहेर एखादा पोरगा ‘मी नेतो’ म्हणाला तरी नाही. मार्च ते मे आणि ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हे पावसाचे महिने, त्यात मी तरी उतरणार नाही.

आणखी पुढं गेलात तर वाफेचे जाडजूड पाइप दिसतील, गंधकाचा वास येईल, ते ओल्कारियाचं भूऔष्णिक वीजकेंद्र, १९८१ पासून जमिनीतल्या वाफेवर वीज बनवतंय. काहींना पार्कात हे बघून राग येतो. मला नाही आला, फक्त कडेला चरणाऱ्या जिराफाच्या मागं पाइप येतो आणि फोटोचं वाटोळं होतं.

लाँगोनॉट ज्वालामुखी चढवेल का? गुडघे बरे नाहीत.

पूर्ण नका चढू. गेटपासून विवराच्या काठापर्यंतचे तीनेक किलोमीटर चालून जातील पण काठाचा पूर्ण फेरा सात किलोमीटरच्या वर आहे, सर्वोच्च टोक २७७६ मीटर, आणि वाट घसरड्या ज्वालामुखी मातीची, उतरताना गुडघ्यांची परीक्षा. काठापर्यंत जा, आतलं विवराच्या तळातलं जंगल बघा, परत फिरा. गुडघे बरे असलेल्यांनी सकाळी सहाच्या सुमारास सुरुवात करावी, वर सावली नाही.

कागदपत्रं, लस वगैरे थोडक्यात सांगाल?

जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसा बंद करून ई-टीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी, सुरू केलंय, ते निघण्याआधी ऑनलाइन काढायचं. यलो फीव्हरची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, परत येताना भारतात विचारतात आणि नसेल तर वेगळं ठेवतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल मला नको, डॉक्टरला विचारा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना केनियात २०१७ पासून बंदी आहे, आणि जून २०२० पासून पार्कात एकदा वापरून फेकायच्या बाटल्याही चालत नाहीत, तेव्हा स्टीलची बाटली घ्या. रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर विसरू नका, आफ्रिका म्हणजे उकाडा हे डोक्यातून काढा.

शेवटचा, जरा बावळट प्रश्न. चप्पल चालेल का? बूट घातले की पायाला घाम येतो.

नाही. काठावरची ती पिवळ्या सालीची सुंदर झाडं, फीव्हर ट्री, ती बाभळीच्याच कुळातली. दलदलीत वाढतात आणि तिथं राहणाऱ्यांना ताप यायचा, म्हणून गोऱ्या लोकांना वाटलं ताप झाडामुळं येतो, तसं नाव पडलं, बिचाऱ्या झाडाचा काही दोष नव्हता. पण काटे त्याचेच आहेत, पांढरे, बोटाएवढे, आणि झाडाखाली गवतात पडलेले दिसत नाहीत. एक माझ्या जाड बुटाच्या तळातून आत आला होता. चपलेचं काय घेऊन बसलात.